फाईल एक्केचाळीस

२ फेब्रुवारी, सोमवार

नव्या गावात येऊन तीन दिवस झाले. आज नोकरीवर रुजू झालो. जागा चांगली मिळाली आहे. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी. घरमालकीण खाली राहतात. जिन्यात चपला काढायच्या नाहीत, पाण्याची मोटर सकाळी सहाला लागते, आणि नळ ठिबकला तर आधी त्यांना सांगायचं, स्वतः पाना घेऊन बसायचं नाही, हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं. आईला त्या आवडल्या. सकाळी पाहतो तर आई स्टुलावर चढून पडदे लावत होती. वर्षभरात तिने आपणहून काढलेलं हे पहिलं काम. मी स्टूल धरून उभा राहिलो. ती म्हणाली, जा आता, उशीर स्वतः करशील आणि खापर माझ्या डोक्यावर फोडशील.

ऑफिस म्हणजे पाच देशांच्या पोलिसांनी मिळून चालवलेला माहिती कक्ष. परदेशात नोकरी लावतो सांगून टोळ्या तरुण मुलामुलींना नेतात, एखाद्या इमारतीत कोंडतात आणि त्यांच्याकडून दिवसभर फोनवर लोकांना फसवून घेतात. त्या टोळ्यांना शोधायचं. जप्त झालेल्या फोनमधला मजकूर इथे उघडतात, आणि संगणक एका देशातला धागा दुसऱ्या देशातल्या धाग्याशी जुळवतो.

माझं काम झाकण्याचं. फोनमध्ये गुन्ह्यापुरतंच थोडं असतं, बाकी सगळा माणसाचा संसार असतो. आजारपण, प्रेम, भांडणं. फाईल सीमेपलीकडे पाठवण्याआधी या बाकीवर काळी पट्टी ओढायची आणि बाजूच्या चौकोनात कारणाचा आकडा टाकायचा. सात म्हणजे "कौटुंबिक, तपासाशी संबंध नाही". खाली मजकूर शाबूत राहतो, पण त्याची किल्ली फक्त आमच्या वकीलबाईंकडे. त्या आमच्या प्रमुख. त्यांनी पहिल्याच तासाला बजावलं, चोर पकडायचाय म्हणून शेजाऱ्याच्या घरावरचं छप्पर उडवायचं नाही. फायलींवर नावंही नसतात, नुसते आकडे. व्यक्ती बारा, व्यक्ती तेरा.

आमच्या खोलीला सगळे झाकणखोली म्हणतात आणि आम्हाला झाकणं. शेजारच्या टेबलावर टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते म्हणाले, चाळीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली आणि एक शब्द ऐकला नाही, आता म्हातारपणी सगळं वाचायचं आणि झाकायचं, देवालाही गंमत सुचते. वही कर, असंही त्यांनीच सांगितलं. वाचलेलं पोटात साठतं. फाईलमधलं लिहायचं नाही, स्वतःचं लिहायचं.

म्हणून ही वही. स्वतःचं म्हणजे काय लिहू? धाकटी बहीण जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. घरात तिला आम्ही ████ म्हणायचो, कारण लहानपणी ती एका जागी बसायचीच नाही. आज ऑफिसात कोणी तिच्याबद्दल विचारलं नाही. बरं वाटलं.


५ फेब्रुवारी, गुरुवार

कामाला हात बसतो आहे. आज एका मुलाच्या आजीने त्याला पाठवलेला निरोप झाकला. स्वेटर पेटीच्या तळाशी आहे, शोधत बसू नकोस. एवढंच. काळी पट्टी ओढताना कोणाच्या अंगावर पांघरूण घातल्यासारखं वाटलं.

आईने संध्याकाळी धाकटीचा फोटो भिंतीला लावला. खिळा ठोकताना माझ्याकडे न बघता म्हणाली की सहा मार्चला उत्तर यायला हवं. आईने जानेवारीत अर्ज केला आहे. गेलेल्या माणसाच्या फोनमध्ये काय होतं ते जवळच्या नातेवाइकांना मागता येतं. तिचे शेवटचे शब्द पाहायचे आहेत एवढंच आई म्हणते.

तो अर्ज आमच्याच कक्षात येऊन पडला आहे, हे आईला माहीत नाही. मला आहे. मी नोकरी इथेच का धरली, ते या वहीत तरी खरं लिहायला पाहिजे.

गेल्या वर्षी धाकटी माझं न ऐकता परदेशी नोकरीला गेली. मी तिच्याशी बोलणं टाकलं. सहा मार्चला सकाळी अकरा चाळीसच्या आसपास तिचे चार फोन आले. मी चारही कापले. मग तिने बोलून ठेवलेला निरोप आला, बावन्न सेकंदांचा. तो न ऐकता पुसला. आठ तारखेला ती एका परक्या देशात रस्त्याच्या कडेला सापडली. उंचावरून पडून, असं कागदावर होतं. आईला मी सांगितलं की त्या दिवशी माझ्या फोनची बॅटरी संपली होती. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तुझा काय दोष, म्हणाली.

माझ्या फोनमधून ते गेलं. तिच्या फोनमधून गेलेलं नाही. आणि उत्तरात आईच्या हाती जे कागद पडतात ते झाकून झाल्यानंतरचे असतात.

रुजू होतानाच्या कागदावर प्रश्न होता, पीडितांपैकी कोणी नात्यातलं आहे का? मी "नाही" असं लिहिलं.


९ फेब्रुवारी, सोमवार

दर सोमवारी बैठक असते. सीमेपलीकडचा अधिकारी पडद्यावर येतो. बोलताना सतत पेन्सिल छिलतो म्हणून काकांनी त्याला सुतार नाव ठेवलं आहे. सरहद्दीवर पकडलेल्या एका पोत्यात एक्केचाळीस फोन सापडले, सगळे एकाच इमारतीतल्या मुलांचे. फोन काढून घेतले आहेत, मुलं अजून आत आहेत. इमारत कुठली ते ठाऊक नाही. सुतार म्हणाला, दोन खुणा मिळाल्या आहेत, खिडकीसमोरची निळी पाण्याची टाकी आणि बंद पडलेलं कारखान्याचं घड्याळ. तिसरी मिळाली की जागा पक्की होते. तिसरीशिवाय त्याला घरझडतीचा हुकूम मिळत नाही, आणि तेही बरोबरच आहे, नाहीतर पोलीस कोणाच्याही घरात शिरतील.

फायलींची वाटणी झाली. एकतीस ते एक्केचाळीस काकांकडे गेल्या. यादीत एक्केचाळीसपुढे शेरा होता, मृत, घरच्यांचा अर्ज आला आहे.

काकांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. जेवणाच्या सुट्टीत मी म्हणालो, काका, शेवटच्या तीन मला द्या, तुमच्या डोळ्याला ताण नको. ते म्हणाले, तुझ्या आईने चांगलं वळण लावलंय. डब्यातली अर्धी पोळी माझ्या डब्यात टाकली. ती मी खाल्ली.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

फाईल एक्केचाळीस उघडली. व्यक्ती एक्केचाळीस. पोत्यातल्या बाकीच्या चाळीस फायलींवर "ठावठिकाणा अज्ञात" आहे, हिच्यावर "मृत".

यादीच्या शेवटी माझा फोन नंबर होता, चार वेळा. प्रत्येक ओळीपुढे "समोरून कापला". पाचवी ओळ, निरोप, बावन्न सेकंद. शेजारी संगणकाने लिहून काढलेला मजकूर. मी पहिले शब्द वाचले. "दादा, ओळख पाहू कोण बोलतंय?"

ती फोनवर हॅलो कधी म्हणालीच नाही. नंबर दिसतो ना गं मला, असं मी चिडून म्हणायचो. तरी दर वेळी तेच. मला नाव घ्यायला लावायची, मग पुढे बोलायची. त्या दिवशीही मला माहीत होतं कोण आहे. म्हणूनच कापला.

पुढचं वाचलं नाही. माझा नंबर झाकला. तसा तो झाकायचाच असतो. मग चारही फोन झाकले, मग निरोप. कारण सात. मग वर जाऊन जिथे जिथे तिचं घरातलं नाव आलं होतं, तेही झाकलं. कारण सात.

घड्याळात अकरा चाळीस झाले होते. तिथून उठलो आणि तोंड धुतलं.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फाईल पाठवण्याआधी शेवटची नजर टाकायची असते. माझ्या नंबरपुढे चार फोन होते. आज पाच आहेत. पाचवा कालच्या तारखेचा, सकाळी अकरा चाळीस. समोरून कापला.

तो फोन दुसऱ्या देशात मोहोरबंद पिशवीत आहे. काकांना सहज विचारल्यासारखं विचारलं, यंत्र तारखा चुकतं का? म्हणाले, यंत्र चुकत नाही रे, माणूस चुकतो आणि यंत्राचं नाव सांगतो.

पाचवा फोन झाकला. फाईल पाठवली.


१७ फेब्रुवारी, मंगळवार

काल रात्री जेवताना आई धाकटीची आठवण सांगत होती. शाळेच्या सहलीला निघाली आणि चपला घरीच विसरली, ती. सांगता सांगता आईने तिला घरातल्या नावाने हाक मारल्यासारखं काही केलं. आईचे ओठ हलले. आवाज आला नाही. पुढचा शब्द नीट ऐकू आला. पुन्हा ते नाव आलं, पुन्हा ओठ हलले, आवाज नाही.

आज अर्धी सुट्टी टाकून कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही कान तपासले. म्हणाले, तुमच्या कानाला काही झालेलं नाही, तुमच्या वयात इतके साफ कान मी पाहिले नाहीत.

परत येताना रस्त्यात ते नाव मनात घेऊन पाहिलं. तीन अक्षरं होती. तीन होती हे आठवतं.


१८ फेब्रुवारी, बुधवार

या वहीचं पहिलं पान उघडलं. माझ्या शाईत, माझ्या हस्ताक्षरात मी ते नाव लिहिलं होतं. तिथे काळी पट्टी आहे. मी ओढलेली नाही. बोटाने घासून पाहिली, सुटत नाही. पानाच्या मागून उजेडात धरली. मागून तिथे कागद पांढरा आहे, नाव उमटलेलं नाही.

झाकलं म्हणजे नाहीसं झालं नाही. वकीलबाई रोज हेच सांगतात.


१९ फेब्रुवारी, गुरुवार

भिंतीवरच्या फोटोत धाकटीच्या डोळ्यांवर अंधार पडला आहे. खिडकीची सावली म्हणून फोटो दुसऱ्या भिंतीला लावला. सावलीही बरोबर आली. आईने पदराने काच पुसली आणि म्हणाली, कशी हसतेय बघ. आईला दिसतं आहे. अजून.


२३ फेब्रुवारी, सोमवार

बैठक. सुताराने पेन्सिल छिलली नाही. म्हणाला, इमारतीतून हलवाहलव सुरू झाल्याची कुणकुण आहे, आठवडाभरात मुलं दुसरीकडे नेतील, मग शोधणं कठीण. चाळीसच्या चाळीस फायली त्याने पुन्हा चाळल्या. तिसरी खूण नाही.

तो चाळीस म्हणाला. मला वाटलं चुकून म्हणाला. कोणी दुरुस्त केलं नाही.

एक गोष्ट बारा तारखेला मी लिहिली नाही. आता लिहितो. त्या निरोपाच्या ओळीला संगणकाने पिवळी खूण केली होती. "खिडकीचं वर्णन, जुळण्याची शक्यता." झाकण्याआधी ती मी वाचली होती. यंत्राला काय कळतं, असं मनाशी म्हणालो आणि सात टाकला.

ती माझ्याकडे रडायला फोन करत नव्हती. ती खिडकीतून काय दिसतं ते सांगत होती. तिच्यासाठी नाही, चाळीस जणांसाठी. आणि मी त्यावर लिहिलं, कौटुंबिक.


२४ फेब्रुवारी, मंगळवार

वकीलबाईंना सगळं सांगितलं. उभ्यानेच. बॅटरीची थाप, फॉर्मवरचं "नाही", काकांचा डोळा, पिवळी खूण. वाटलं, आता त्या किल्ली लावतील, पट्टी निघेल, मला हाकलून देतील, मुलं सुटतील.

त्यांनी किल्ली लावली. यादी शेवटपर्यंत सरकवली. मग पडदा माझ्याकडे वळवला. पोत्यात चाळीस फोन. फायली चाळीस. चाळिसावीनंतर यादी संपते.

मी म्हणालो, एक्केचाळीस होती. त्या म्हणाल्या, बसा, पाणी प्या. मी काकांना बोलावून आणलं. काका म्हणाले, बाळा, तू मला दोन फायलींचीच मदत केलीस. एकोणचाळीस आणि चाळीस. फार उपकार झाले.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. वकीलबाईंनी मला चार दिवसांची रजा दिली. कोणी ओरडलंसुद्धा नाही.


२६ फेब्रुवारी, गुरुवार

फोटोत आता चौकट आणि पाठीमागची कुंडी आहे. मधे काळं.

आईला खरं सांगायचं ठरवलं. सगळं, अकरा चाळीसपासून. उद्या सकाळी चहाच्या वेळी. उत्तर येईपर्यंत थांबणार नाही.


२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आई गुणगुणत होती. कणीक मळताना. वर्षभरात मी हे ऐकलं नव्हतं.

मी म्हणालो, आई, धाकटीचं तुला काही सांगायचंय.

तिने हात थांबवला आणि विचारलं, कोणाची धाकटी?

तुझी, म्हणालो. ती हसली. म्हणाली, सकाळी सकाळी काय थट्टा लावलीयस, तुला एकट्याला वाढवता वाढवता माझ्या नाकीनऊ आले, दुसरं कुठून आणू? मग कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. पिठाचा हात. ओला.

मी भिंतीकडे बोट केलं. तिथे खिळा आहे. आई म्हणाली, घरमालकिणीला सांग, आधीच्या भाडेकरूंनी भिंतीची चाळण करून ठेवलीय.

तिचा चेहरा किती मोकळा आहे. झोप पुरी झालेल्या माणसासारखा. हेच मला हवं होतं. तिला कळू नये. आता कळणार नाही —


२८ फेब्रुवारी

ज्याच्यासाठी आईने रडायचं ते माणूसच मी तिच्याकडून काढून घेतलं. बॅटरीच्या थापेसाठी.

अकरा चाळीसला माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा. माझं बोट आपोआप लाल खुणेवर गेलं. सवयीने. कापला.

कापला.


१ मार्च

अकरा चाळीस. फोन टेबलावर ठेवून भिंतीला टेकून उभा होतो. उचलायचा ठरवलं होतं. उचलून काय बोलू ते — थांबला. पडद्यावर आलं, समोरून कापला. मी हात लावला नव्हता.

कोण फोन करत होतं, आईने विचारलं. मी म्हणालो, बॅटरी संपली.

पुन्हा तेच.


३ मार्च

ऑफिस. सुताराचा निरोप, आज संध्याकाळी ट्रक लागणार अशी खबर आहे. ट्रक कुठे लागणार, माहीत नाही. चाळीस जण. वकीलबाई कोणाशी बोलत नाहीत. काकांनी दिवा डोळ्याजवळ ओढला आहे आणि पहिल्या फाईलपासून पुन्हा वाचतायत. मी कितीदा म्हणालो, त्यात नाही ते, काका —

वही ऑफिसात आणली आहे. नियम मोडून. फाईलमधलं लिहायचं नाही म्हणाले होते. पण ते आता फक्त इथेच आहे.

तिच्याबद्दल जे उरलंय ते लिहून ठेवतो. एका जागी बसायची नाही. चपला विसरायची. नाव तीन अक्षरी. पहिलं अक्षर — ओठ मिटायचे ते म्हणताना. का उघडायचे? केसांत काहीतरी लावायची, रंगीत. ████ रंगाचं —

अकरा पस्तीस.

उचलायचा. बोट लाल खुणेपासून लांब. बावन्न सेकंद ऐकायचं, खिडकीतून काय दिसतं ते लिहून घ्यायचं, धावत जाऊन द्यायचं. शरम नंतर. त्याला आयुष्य पडलंय.

अकरा एकोणचाळीस. काका वळून बघतायत. त्यांना सांगितलं, मला एक फोन येणार आहे, बहिणीचा. म्हणाले, तुला बहीण आहे, हे बोलला नाहीस कधी.

वाजतोय.

उचलला. डाव्या हाताने धरलाय, उजव्याने लिहितोय. वारा. उंचावरचा. मागे खूप माणसं एकदम बोलतायत, कुजबुजत. श्वास. तीच आहे. तीच, मला माहीत आहे —

दादा, म्हणाली.

गं, बोल. खिडकीतून काय दिसतं ते सांग. लिहून घेतोय मी, बोल, बोल —

बोलत नाही. थांबलीय. हसतेय. आधी हसायची तशीच, आतल्या आत.

दादा, ओळख पाहू कोण बोलतंय?

मी म्हणालो, तू

मी म्हणालो, तू — तू —